मागावरची बोली

शिरगावकर मॅडमनी खुर्ची पुढे ओढली, कस्तूच्या अगदी समोर बसल्या, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी मान वळवली आणि विचारलं, "कस्तुरी, कशी आहेस?"

कस्तूनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. प्रश्न तिला कळला होता. ती हसली आणि तिनं मान डोलावली.

"मान नको. आवाज हवा मला. कशी आहेस?"

कस्तू हसतच राहिली.

"'बरी आहे' म्हण. एवढीशी होतीस तेव्हा म्हणायचीस."

कस्तूनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. त्यावर जीभ, टाळू आणि कंठाचं चित्र होतं. चार वर्षं मी तेच शिकत आले होते. मॅडमनी कस्तूच्या गालाला हात लावला, उठल्या आणि टेबलापलीकडे जाऊन बसल्या.

"कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"आई गेल्यापासून."

"एक शब्दसुद्धा नाही?"

"नाही. कानातली मशीनंही काढून ठेवलीत."

मॅडमनी चष्मा काढला. "इंदूताईंची सगळ्या जन्माची मेहनत आहे गं ही," त्या आईबद्दल म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. आई गेली त्या दिवशीही आले नव्हते. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत ती गेली. मी पुण्याच्या कॉलेजातून आले तेव्हा बायका मला मिठ्या मारून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हापासून ते तसंच चाललं होतं. भूक लागायची, झोप लागायची, कुणी विचारलं तर उत्तर देता यायचं. बाकी काही नाही.

कस्तू माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा ती दोन वर्षांची होऊन गेली होती. नाव आधीच ठेवलेलं, कस्तुरी. बहिऱ्या मुलाला अवघड जाणारे आवाज नेमके एकाच नावात गोळा झाले होते. कितीतरी वर्षं ती स्वतःला 'अतुई' म्हणायची. शिरगावकर मॅडम तेव्हा दर बुधवारी आमच्या इचलकरंजीत येत. त्यांनी आईला बजावलं होतं, "हातवारे करू द्यायचे नाहीत. हातांची सवय लागली की ही तोंड उघडणार नाही." आईनं ते व्रतासारखं पाळलं. रोज सकाळी दोघी आरशासमोर बसायच्या. 'प'साठी मी मेणबत्ती धरायची. ज्योत हलली की 'प' आला. 'ग'साठी कस्तूचा हात आईच्या गळ्यावर. मध्येच तिचे हात हवेत उठले की आई ते स्वतःच्या मांडीवर दाबून धरायची. रागानं नाही. थंडीत लेकराचे हात धरावेत तसे. कस्तू बोलायला लागली. परक्याला कळायला वेळ लागे, पण कळे. दुकानात जाऊन ती साखर मागायची, शाळेत हजेरी द्यायची, आणि ती असं काही बोलली की आईचं तोंड उजळून निघायचं.

आई घरात नसली की आम्ही दोघी हातांनी बोलायचो. आधी आमच्या आमच्या खुणा होत्या. पुढे कस्तू मोबाइलवर मूकबधिर मुलांचे व्हिडिओ पाहून खरी खुणांची भाषा शिकली आणि मला शिकवायला लागली. आईच्या चपलांचा आवाज आला की मी तिला डोळ्यांनी सांगायची, आणि दोघींचे हात खाली जायचे.

हे सगळं मॅडमना ठाऊक नव्हतं. त्या आता आमच्या गावापासून तासाभरावर नव्यानं निघालेल्या कॉलेजात विभागप्रमुख झाल्या होत्या. वाचा आणि भाषा उपचार हा माझा विषय, त्यात मला एम.एस्सी. करायचं होतं. मॅडमच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं आणि म्हैसूरलाही लागलं होतं. शनिवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं.

"म्हैसूर मोठं आहे, मी नाही म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथं अर्धांगानं वाचा गेलेले, गिळता न येणारे, तोतरे, सगळ्या तऱ्हेचे पेशंट तुझ्या हाताखालून जातील. ग्रंथालय आहे, संशोधन आहे. पण मी तुला इथं पहिल्या दिवसापासून लहान बहिऱ्या मुलांचं काम देईन. तुला त्यासाठीच हे शिकायचं होतं ना? आणि घरून येऊन-जाऊन करशील. तुझी पहिली पेशंट तर घरातच बसलीये. आत्ता हिला सोडलंस तर दोन वर्षांनी काही उरणार नाही, वैजू. सराव तुटला की वाचा जाते."

"बघते," मी म्हटलं.

"बघते काय? इंदूताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

ते मला माहीत होतं. मॅडमनाही माहीत होतं.

बाहेर पडताना मधल्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक विद्यार्थिनी चार वर्षांच्या मुलीला शिकवत होती. मुलगी आईच्या मांडीवर, समोर लाकडी बैल, बैलगाडी, बाहुली. "काय हवं? सांग. बाहुली. बा-हु-ली." मुलीनं दोन्ही हात छातीशी नेऊन बाळ जोजवल्यासारखे हलवले. तिच्या आईनं पटकन ते हात धरले. कस्तू दारातच थांबली. मुलीचं लक्ष तिच्याकडे गेलं तसं कस्तूनंही बाळ जोजवलं, मग त्या न दिसणाऱ्या बाळाचं नाक चिमटीत धरलं आणि स्वतःच शिंकली. मुलगी खदखदून हसली. तिची आई, विद्यार्थिनी, दोघी वळून बघायच्या आत कस्तू पुढे निघून गेली होती.

एसटीत ती खिडकीशी बसली. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे वळून हातांनी विचारलं, "काय ठरवलंस?"

"माहीत नाही," मी हातानं सांगितलं. ते खरंच होतं. दोन्ही नावं मनात ठेवून बघितली तरी एकाकडेही काही हलत नव्हतं.

संध्याकाळी आप्पा आले. आमचे वडील मागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. तीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांचेही कान अर्धे गेलेले, त्यामुळे ते घरात असले की गल्लीला ऐकू जाई.

"काय म्हणल्या म्याडम?"

मी सांगितलं.

"मग झालं की! जवळ हाय, येऊन-जाऊन करशील. आणि काय पाहिजे?" ते ताटावर बसत म्हणाले. "सकाळी हिला घेऊन बसत जा तेवढं. तुझी आई बसायची तशी."

"म्हैसूरचं शिक्षण जास्त चांगलं आहे, आप्पा."

"आसंल. कोण न्हाई म्हणतंय?" ते थोडा वेळ भाकरी मोडत राहिले. "पण तिनं एवढं केलं आणि आपण दोन म्हयन्यांत घालवलं, आसं नको व्हायला. मला काय त्यातलं कळतंय? तुला कळतंय."

कस्तू भात वाढायला आली. आप्पांनी तोंड वर करून तिच्यासमोर ओठ नीट हलवले. "कस्तू, आप्पा म्हण बाळ. एकदा म्हण."

कस्तूनं त्यांच्या ताटात भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि आत गेली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "घेते मी इथलंच बहुतेक."

"बघ," ते म्हणाले. "तुझ्या मनानं बघ."

शुक्रवारी ऊन कलल्यावर आम्ही गच्चीत वाळलेले कपडे काढत होतो. आईचं एक लुगडं त्यात होतं. कस्तूनं ते धुवून टाकलं होतं, का ते मी विचारलं नाही. आम्ही दोघींनी दोन टोकं धरली, झटकलं, घडी घातली. घडी कठड्यावर ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तू इथलं कॉलेज घेणार," ती हातांनी म्हणाली. "आप्पांना सांगितलंस. मी आतून बघितलं."

"हो."

"माझ्यासाठी?"

"सराव तुटला तर तुझं बोलणं जाईल."

तिनं खांदे उडवले. "जाऊ दे."

"असं कसं? आईनं किती..."

तिनं माझे हात धरले. आईनं धरावेत तसे नाही, फक्त थांबवण्यापुरते. मग सोडले आणि सावकाश, मला एकही खूण चुकू नये अशी बोलायला लागली.

"मला माझा आवाज ऐकू येत नाही. तो कसा आहे मला माहीत नाही. चांगला आहे का?"

मी कठड्यावरची घडी सारखी केली.

"लोक तोंड वाकडं करतात, मग दुसऱ्यांदा विचारतात. मला दिसतं. एक वाक्य बोलले की माझं डोकं दुखतं. तरी बोलायची. का? मी बोलले की आईचा चेहरा..." तिनं स्वतःच्या चेहऱ्यासमोर मूठ धरली आणि बोटं उघडली, दिवा लागल्यासारखी. "ते बघायला बोलायची. आता बोलून कुणाचा चेहरा बघू?"

खालच्या गल्लीत कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. मी ती ऐकत राहिले.

"तू शीक," ती म्हणाली. "खूप शीक. ज्यांना बोलायचंय त्यांना बोलायला शिकव. पण माझ्यासाठी नको शिकूस."

एवढी वर्षं मी कशासाठी शिकतेय हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं. कस्तूनं ते सहज, एखादी चिंधी उचलावी तसं उचलून बाजूला ठेवलं. मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. मी पिशवीत चिमटे भरले आणि खाली आले.

शनिवारी सकाळी मी ठरवलं की जवळचंच घ्यायचं. कस्तूचं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. पण म्हैसूरला जायचं तर काहीतरी हवं असावं लागतं, आणि मला काहीच हवं नव्हतं. न जाण्यासाठी काही करावं लागत नव्हतं. आप्पांना एकदा पक्कं सांगावं आणि कळवून टाकावं म्हणून मी फोन लावला. कारखान्यात त्यांना फोन कधीच ऐकू यायचा नाही. कस्तू दुपारचा डबा घेऊन निघाली होती. शाळेत असल्यापासून डबा तीच न्यायची. आई कारखान्यात कधी जात नसे, तिथल्या कापसाच्या तुसानं तिला खोकला यायचा. मीही लहानपणी एकदा-दोनदा गेले असेन. "मीही येते," मी कस्तूला म्हटलं. ती क्षणभर थबकली, मग चल म्हणाली.

कारखान्याचं दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हताच, छातीत आणि दातांत वाजत होता. दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, धोटे इकडून तिकडे आपटतायत, हवेत पांढरं तूस. मी "आप्पा" अशी हाक मारली आणि माझा आवाज मलाच आला नाही.

आप्पा पार शेवटच्या मागाशी वाकले होते. कस्तूनं हाक मारायचा प्रयत्न केला नाही. ती मधल्या वाटेत उभी राहिली आणि तिनं डबा डोक्यावर धरला. पलीकडच्या कामगारानं आप्पांच्या खांद्याला हात लावून आमच्याकडे बोट केलं. आप्पांनी वर पाहिलं. आणि एवढ्या लांबून, सगळ्या मागांवरून, त्यांनी हातांनी विचारलं, "भाजी काय?"

कस्तूनं सांगितलं. त्यांनी तोंड वेंगाडलं. कस्तूनं कमरेवर हात ठेवून त्यांना दटावलं.

मी दारातच उभी होते. आप्पांचे हात हलत होते, भराभर, तेल घातलेल्या यंत्रासारखे सहज. ग्रीसनं काळे झालेले, जाड बोटांचे हात. घरात ते हात जेवताना आणि झोपताना सोडून मी कधी पाहिलेच नव्हते. मग लक्षात आलं की इथं सगळेच तसं बोलत होते. एकानं दोन बोटांची कात्री करून दाखवली, आप्पांनी मान हलवली. एकानं मूठ उलटी फिरवली. एकानं मिशीला पीळ दिला तसे सगळे एकदम कामाला लागले, आणि पाठोपाठ मालक आत डोकावून गेला. कस्तू माझ्याकडे वळली, तिला हसू आवरत नव्हतं. तिनं मला एकेक खूण सांगितली. कात्री म्हणजे धागा तुटला. उलटी मूठ म्हणजे बीमवर गुंडाळलेलं सूत संपत आलं. तळहात पुढे ढकलला की माग चालू कर. मिशी तुला कळलीच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डबा आणायला लागले तेव्हापासून," ती म्हणाली. "इथं मला सगळं ऐकू येतं."

आप्पा हात पुसत जवळ आले. मला बघून ते जरा बावरले आणि त्यांचे हात खाली गेले, आम्हा दोघींचे जायचे तसे. त्यांनी तोंड उघडून काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगायला लागले, "आप्पा, मी जवळचंच..." तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात कस्तू मध्ये आली. तिनं आप्पांच्या छातीवर थोपटून त्यांचं लक्ष वेधलं, माझ्याकडे बोट केलं आणि हात लांब, दाराबाहेर, खाली दक्षिणेकडे फेकला. "वैजू लांब चाललीय. शिकायला."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हळूच वर आला आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला हातानं विचारलं, "खरं?"

मी कस्तूकडे पाहिलं नाही. त्या आवाजात उभं राहून मला इतकंच कळत होतं की मी जे सांगायला आले होते ते सांगण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. हिला बोलणं शिकवायला मी घरी राहणार होते, आणि घरात सगळ्यात कमी बोलणारी मीच होते.

"खरं," मी हातानं म्हटलं.

"किती लांब?"

"एक रात्र. बसनं."

त्यांनी विचार केला. "जेवायला काय देतात?"

"भात," मी म्हटलं. "रोज भात."

त्यांनी मघासारखंच तोंड वेंगाडलं. मग डोळ्यांत गेलेलं तूस काढावं तसे मनगटानं डोळे पुसले आणि तळहात माझ्या दिशेनं पुढे ढकलला.

जेवायच्या सुट्टीत माग थांबले. एकाएकी इतकं शांत झालं की कान दुखले. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. मी विचारलं, "आप्पा, घरी का नाही कधी बोललात असं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "घर तुझ्या आईचं हुतं," ते म्हणाले. "तिचा नेम मोडायचा न्हवता मला."

दुपारी मी मॅडमना फोन केला. म्हैसूरचं ऐकून त्या म्हणाल्या, "इंदूताईंना फार वाईट वाटलं असतं." मी म्हटलं, "हो."

म्हैसूरला पहिले काही महिने मला जे सांगितलं ते मी केलं. अर्धांग झालेल्या एका वकिलांना 'पाणी' हा शब्द परत मिळवून दिला, तेव्हा त्यांची बायको रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. घरी कस्तूनं साड्यांच्या काठांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचं शिकून घेतलं. आप्पा आता घरीही हातांनी बोलायला लागले होते. व्हिडिओ कॉलवर ते आवाज बंद करून ठेवायचे आणि शेजाऱ्यांच्या सगळ्या बातम्या मला हातांनी सांगायचे, त्यातल्या निम्म्या चुकीच्या.

आईच्या वर्षश्राद्धाला मी आले. सकाळचे विधी झाले, पाहुणे जेवून गेले. दुपारी घरात आम्ही तिघंच उरलो. आप्पा उंबऱ्यात पान लावत बसले होते, मी पत्रावळी गोळा करत होते. कस्तू आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. हार जरा सारखा केला. मग तिनं श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, मी कामाला लागले."

ते आरशासमोर कधी शिकवलेलं वाक्य नव्हतं. 'क' घशात अडकला होता, शेवटचा स्वर फार लांबला होता. एवढं सगळं ओळखायला मी शिकले होते आणि त्या क्षणी त्यातलं काही माझ्या मनातही आलं नाही. कस्तू थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली. मग वळली, माझ्या हातातल्या अर्ध्या पत्रावळी घेतल्या आणि टाकायला परसात गेली.

आप्पांच्या कानांवर काहीतरी गेलं होतं. "काय म्हणाली गं ती?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. गालांवरून पाणी गळ्यात उतरत होतं आणि थांबत नव्हतं. आप्पा पानाचं तबक बाजूला सारून अर्धे उठले. मी त्यांना हातानं थांबवलं, आणि हातांनीच सांगितलं.

त्यांनी ते पाहिलं. मग त्यांचा हात वर आला. "परत सांग."

मी परत सांगितलं.